आरशासारखी फरशी

आरसेबुवांचं खरं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर होतं, कुणाच्या तोंडी मात्र नव्हतं. त्यांनी धुतलेल्या फरशीत तोंड दिसायचं, म्हणून ते आरसेबुवा. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. घरात त्यांचा दरारा असा, की माशीनंसुद्धा पाय पुसून आत यावं. बायको म्हणायची, माझं लग्न माणसाशी लागलं की फडक्याशी, हे मला अजून कळलेलं नाही. ती गेली, आणि टोमणे मारायला घरात कुणी उरलं नाही. फडकं तेवढं राहिलं.

कारखाना प्लास्टिकच्या दाण्यांचा. मसुराएवढे दाणे पोत्यांत भरून बाहेर जायचे, पुढे दुसरीकडे वितळून त्यांच्या बादल्या, खुर्च्या, खेळणी व्हायची. पोती शिवताना, उचलताना दाणा सांडायचाच, आणि पायाखाली आला की माणूस आडवा. आरसेबुवा नवे होते तेव्हा त्यांच्या डोळ्यांदेखत एक हमाल असाच घसरला. खुब्याचं हाड मोडलं, आणि धडधाकट गडी जन्मभरासाठी काठीला लागला. ते आरसेबुवांच्या जिवाला फार लागलं. झाडूनं काम भागत नव्हतं, कारण झाडू लागला की दाणा उड्या मारत यंत्राखाली जाऊन बसायचा. मग त्यांनी स्वतःच्या डोक्यानं युक्ती काढली. जाड नळी लावायची, पाण्याचा जोरदार फवारा मारायचा आणि सगळा सांडलेला माल उताराउतारानं गटारात लोटायचा. अर्ध्या तासात फरशी लख्ख. त्यानंतर तिथं कुणी पडलं नाही. साहेबांनी खूश होऊन भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलं, ते आजही त्यांच्या स्वयंपाकघरात टिकटिकतं.

गटार भिंतीमागच्या नदीला मिळत होतं. हे आरसेबुवांना माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. माहीत होतं, फक्त त्याचा विचार करायची वेळ त्यांनी स्वतःवर कधी येऊ दिली नाही.

त्यांची एकुलती एक लेक पक्ष्यांची डॉक्टर. नदी जिथं समुद्राला मिळते, तिथल्या दवाखान्यात असते. स्वच्छता मी बाबांकडून शिकले, असं ती येईल त्याला सांगते, आणि आरसेबुवा ऐकू न आल्यासारखं करून ऐकतात.

एका रविवारी ती आली आणि तिनं पर्समधून एक छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. दवाखान्यात कुणीतरी एक पाणबदक आणलं होतं, हाडांचा सापळा झालेलं. मेल्यावर उघडून पाहिलं, तर पोट गच्च भरलेलं. माशांची अंडी समजून ही पाखरं हे गिळतात, ती म्हणाली, आणि भरल्या पोटानं उपाशी मरतात. बाटलीत दाणे होते. धड केशरी नाहीत, धड गुलाबी नाहीत.

आरसेबुवांनी ते बघताक्षणी ओळखले. तो रंग जगात एकदाच झाला होता. रंगवाल्यानं घाईत दोन डबे एकात ओतले, सगळा माल वाया गेला. पोती मागच्या अंगणात पडून उन्हानं फाटली. मग तपासणीला माणसं येणार म्हणून एका सकाळी आरसेबुवांनी ते अख्खं अंगण धुऊन काढलं होतं. साहेबांनी पाठ थोपटली होती.

"तुमच्या कारखान्यात असला रंग व्हायचा का हो, बाबा?" लेकीनं विचारलं.

नाही गं, असला नव्हता, असं म्हणून ते चहा गाळायला उठले. सगळ्या जगानं नाव ठेवलं असतं तरी चाललं असतं. या एका पोरीच्या नजरेतून उतरायचं नव्हतं.

कप घ्यायला ती वळली आणि तिच्या कोपराचा धक्का लागून बाटली खाली पडली. झाकण उडालं, दाणे घरभर.

"हलू नकोस, घसरशील," आरसेबुवा म्हणाले, आणि पुढचं सगळं त्यांच्या हातांनी केलं. बादली उचलली, मनगटाला एक हिसका दिला, आणि पाण्याचा पातळ पट्टा भिंतीच्या कडेनं सगळे दाणे गोळा करत सरळ मोरीकडे गेला. दुसऱ्या हिसक्यात फरशी लख्ख. ते समाधानानं वळले. लेक एक पाय उचललेला तसाच ठेवून त्यांच्याकडे बघत होती.

"हे तुम्ही किती वर्षं केलंत, बाबा?"

अजूनही खोटं बोलता आलं असतं. पण बादली हातातच होती.

"एकतीस," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. हमाल, नळी, ते अंगण, मागची नदी. कुणी पडू नये एवढंच मनात होतं, हेही सांगितलं, आणि सांगताना ते किती तोकडं आहे हे त्यांचं त्यांनाच जाणवलं. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.  तिनं मात्र मोरीची जाळी काढली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. आरसेबुवा कुरकुरणारे गुडघे टेकून तिच्या शेजारी बसले. ती घाणीतून एकेक दाणा काढून देई, ते धोतराच्या सोग्यानं नव्हे, त्याच जुन्या फडक्यानं पुसून बाटलीत टाकत. बराच वेळ गेला. बाटलीत चौतीस दाणे होते, तिनं तसं लिहून ठेवलं होतं. बत्तीस मिळाले.

"दोनच गेले ना?" त्यांनी विचारलं. आवाजात थोडी आशा होती.

लेकीनं हात धुतले, पुसले. रागाचा लवलेश नव्हता तिच्या बोलण्यात, आणि तेच त्यांना सोसवलं नाही.

"परवा एक पिल्लू आणलं होतं, बाबा," ती म्हणाली. "त्याच्या पोटात दोनच होते."