सुतकातली शेगडी

आमच्या गल्लीत मयत झालं की रक्षाविसर्जनापर्यंत त्या घरची चूल पेटत नसे. भाकरी शेजारची घरं पुरवत. स्मशानातून परतलेली माणसं लिंबाचा पाला दाताखाली धरून बसली, की कुठल्या तरी दारातून बुट्टी निघायची. वर धुतलेलं फडकं, आत ज्वारीच्या भाकरी, सोबत पिठल्याचा डबा. घरच्यांनी ‘कशाला’ म्हणायचं नाही आणि आणणारीनं जाताना ‘येते’ म्हणायचं नाही. माझ्या बायकोनं अशा बुट्ट्या जन्मभर नेल्या, गुडघे कुरकुरायला लागले तरीही. परत आली की आधी पाय धुवायची, मग उंबरा ओलांडायची.

गेल्या चैत्रात ती स्वतः गेली. तिच्यासाठी कुणाच्या तरी घरून बुट्टी यावी, एवढंच मला त्या दिवशी हवं होतं.

आमच्या गच्चीवरच्या सोलरच्या निळ्या पाट्या तिच्या भावानं बसवून दिलेल्या. इचलकरंजीत त्याचे माग आहेत. शेडवर सोलर आल्यापासून त्याच्या तोंडी दुसरा विषय नसतो. ‘दाजी, बिल शून्य! जाळा की लाइट किती जाळायची ती.’ आम्हीही जाळली; मग घरोघरी पाट्या आल्या आणि सगळ्या गल्लीनं जाळली. जिथं सांडगे आणि मिरच्या वाळायच्या त्या गच्चीवर पाय ठेवायला जागा राहिली नाही. खोल्या थंड झाल्या, म्हणून दारं लागली. पूर्वी दुपारी लाइट गेली की माणसं पायऱ्यांवर यायची, पुठ्ठ्यानं वारा घेत एकमेकांची उणीदुणी काढायची. आता लाइट जात नाही, आणि चार घरं पलीकडे कोण आजारी होतं हे मला कोपऱ्यावर लागलेल्या श्रद्धांजलीच्या फलकावरून कळतं. लोक याला सोय म्हणतात. सोय झाली म्हणजे काय झालं, तर कुणाच्या दारात काही मागायला जायचं कारण उरलं नाही.

घरातली गॅसची टाकीही गेली आणि ओट्यावर काचेची इंडक्शन शेगडी आली. ती बायकोला आवडायची, हे लिहिलं पाहिजे. भांडी काळी होत नाहीत म्हणून ती खूश होती. फक्त काचेवर भाकरी फुगत नाही. त्यामुळे बुट्टीतल्या भाकरी ती मागच्या परड्यातल्या मातीच्या चुलीवर, शेणींच्या लालभडक आरावर भाजायची.

त्या दिवशी आम्ही पंचगंगेच्या स्मशानातून आलो. आंघोळी झाल्या. मी उंबऱ्याजवळ बसलो. समोरच्या घराचं दार उघडलं आणि तिथल्या आक्का बुट्टी घेऊन पायरी उतरल्या. बायकोची आणि त्यांची लग्न होऊन आल्यापासूनची मैत्री.

तेवढ्यात आमच्या स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली.

आक्का रस्त्याच्या मध्यावर थांबल्या. दुसरी शिट्टी झाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फडकं सारखं केलं आणि वळून घरात गेल्या.

मी आत गेलो. मेव्हण्यानं काचेवर खिचडी टाकली होती. बाजूला चहाचे कप मांडलेले.

‘आज चूल पेटवायची नसते,’ मी म्हणालो.

‘कुठं पेटवलीया? ह्यात जाळ कुठाय, दाखवा की. इस्तू न्हाय, धूर न्हाय.’

‘तुझी बहीण गेलीय.’

‘म्हाईत हाय मला, दाजी.’ त्याचे डोळे सुजलेले होते. ‘पण माणसं उपाशी बसवायची? वर लाइट नुसती वाया चाललीया.’

त्याची लाइट वाया चालली होती. मला त्याच्या तोंडावर ती खिचडी ओतावीशी वाटली. मी बाहेर आलो आणि मेन स्विच खाली ओढला.

पंखे थांबले. एसीच्या खोलीत बसलेले पाहुणे थोड्या वेळानं घाम पुसत बाहेर आले आणि पायऱ्यांवर बसले. कुणीतरी पुठ्ठा शोधला. आतून मेव्हण्याचा आवाज आला, ‘खुळं झालंय हे माणूस.’

सुतकात मला कुणाच्या दारात जाता येत नव्हतं. मी फाटकाशी उभा राहिलो, समोरच्या दाराकडे बघत. ऊन डोक्यावर होतं. शेवटी आक्काच दारात आल्या.

‘काय वो भाऊजी? तुमचं शिजलं की.’

‘ते खाणार नाही.’

‘मग शिट्टी कशाची झाली? मला वाटलं, ह्यांस्नी आता आमची गरज न्हाय.’

त्यांनी माझ्यामागे पायऱ्यांवर बसलेल्या माणसांकडे पाहिलं. मग आत गेल्या आणि बुट्टी घेऊन आल्या.

‘गार झाल्यात,’ म्हणाल्या. बुट्टी ठेवली आणि ‘येते’ न म्हणता गेल्या.

भाकरी कडक झाली होती. मी खाल्ली. मेव्हण्यानंही खाल्ली, मान खाली घालून.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन करून आलो तेव्हा त्यानंच स्विच वर केला. फ्रिज घरघरला, काचेवर लाल आकडा उमटला. ‘पेटली बघा चूल,’ तो म्हणाला. चेष्टेनं म्हणाला असता तर मला एवढा राग आला नसता.

मी परड्यात गेलो आणि तिच्या चुलीत शेणी रचल्या. मला चूल पेटवायची सवय नाही. जाळ होईना, नुसता धूर उठला आणि भिंतीवरून वर चढत गच्चीवर गेला.

‘दाजी, पाट्या काळ्या पडतील!’

‘पडू देत,’ मी म्हणालो आणि फुंकत राहिलो.