बिरागोचा मळा, भाच्याचं चॉकलेट

आमा बिरागो लग्न होऊन ओपारेंच्या घरात आली तेव्हा तिथे मळा कसला, नुसतं रान माजलं होतं. ते तिने साफ केलं. कोकोची रोपं लावली, शेंगा फोडल्या, बिया केळीच्या पानांखाली आंबवल्या आणि उन्हात उलथापालथ करता करता कंबर मोडून घेतली.

एकदा रश्शात बुडवून फुफूचे गोळे खाता खाता नवरा म्हणाला, "ओढ्यापलीकडचा अर्धा मळा तुझा, बरं का." बिरागो हसली आणि तिने त्याला आणखी एक डाव रस्सा वाढला. झालं! इथेच तिचं चुकलं. त्यांच्यात जमीन मिळाली की घराण्यातल्या वडीलधाऱ्यांपुढे जिन दारूची बाटली ठेवून आभार मानायचे असतात. ती चार लोकांनी प्यायली की देणं पक्कं, नाहीतर ते वाऱ्यावर बोललेलं. शेजारणीने आठवण करून दिली तर बिरागो म्हणाली, "इश्श! स्वतःच्या नवऱ्याचे आभार बाटली नेऊन मानू? लोक हसतील."

तेव्हा त्या मळ्याकडे कुत्रं फिरकत नव्हतं. पुढे राजधानीला, अक्राला, आपल्याच देशातल्या चॉकलेटचं वेड लागलं. हॉटेलांत तेच, विमानतळावर तेच. नवऱ्याच्या बहिणीचा मुलगा, यॉ दार्को, बँकेतली नोकरी सोडून चॉकलेटचा कारखाना काढून बसला. मामा वारला आणि या भाच्याला मळ्याची एकदम माया आली! त्यांच्या कुळात वारस भाचाच.

पंच बसले. मुखिया नानांनी विचारलं, "बिरागो, तुझी बाटली कोण प्यायलं?"

"कुणीच नाही, नाना."

"मग सगळा मळा घराण्याचा. म्हणजे दार्कोचा."

"आणि माझे हात झिजले ते?"

दार्कोने पंचांसाठी चॉकलेटचं खोकं आणलं होतं. बिरागोने त्यातलं एक उचललं. वेष्टनावर डोक्याला फडकं बांधलेली, शेंग हातात धरून हसणारी बाई. ती स्वतः! 'आठवण म्हणून' असं सांगून मेल्याने मागच्या हंगामात फोटो काढला होता. खालचं शेजारणीने वाचून दाखवलं, "माझ्या मामीच्या मळ्यातून."

"ऐकलंत नाना? हाच म्हणतोय मळा मामीचा!"

"अगं मामी, ते गिऱ्हाइकांसाठी असतं," दार्को हसला.

"ती जाहिरात आहे गं," नानांनीही री ओढली.

"वा रे वा! विकताना मळा मामीचा, आणि बळकावताना भाच्याचा? लाजा कशा वाटत नाहीत रे?"

"तुला हाकलतोय कुठे? रोजावर राहा. अक्राहून पाहुणे येतील, त्यांना शेंगा फोडून दाखव." त्याने एक चॉकलेट तिच्यापुढे धरलं. "घे मामी. पंचांदेखत आभाराचं गोड बोल आणि मिटव."

सगळे तिच्या तोंडाकडे बघू लागले. चार लोकांत आभार मानले की भांडण संपलं, हे आता तिला कुणी शिकवायला नको होतं.

"तुझे आभार? माझा मळा जाईल, पण जीभ नाही जायची!"

तिने खोकं मांडीवर ओढलं आणि एकेका चॉकलेटवरून स्वतःचं तोंड फाडून काढायला सुरुवात केली. उघडी चॉकलेटं दार्कोच्या पायाशी पडत होती, उन्हाने वितळत होती. खोकं रिकामं होईपर्यंत ती उठली नाही, आणि तिला थांबवायची एकाही पंचाची छाती झाली नाही.