वरून जाड तावदान

माझी आत्या काचा बसवायची. हा धंदा खरं म्हणजे माझ्या वडिलांकडे जायचा, पण पहिल्याच दिवशी त्यांच्या बोटातून थेंबभर रक्त आलं आणि ते दुकानातच आडवे झाले. आजोबांनी त्यांच्या तोंडावर पाणी मारलं आणि काच कापायचा हिरा मुलाच्या हातातून काढून मुलीच्या हातात दिला. आत्या तेव्हा सोळा वर्षांची होती. वडील पुढे पोस्टात चिकटले. तिथे लाल शाई सांडली तरी त्यांना गरगरायचं.

आत्याचा हात इतका बसला की ती भांडता भांडता काच कापायची. गिऱ्हाईक घासाघीस करत असायचं, ही उत्तरं देत पट्टी लावून रेघ ओढायची आणि टक् करून तुकडा मोडायची. त्या आवाजानंतर सहसा कुणी पुढे बोलत नसे.

अशा बाईचं लग्न झालं विज्ञानाच्या मास्तरांशी. आतोबा सज्जन माणूस, पण त्यांचं कुठलंही वाक्य 'वास्तविक पाहता'शिवाय सुरू होत नसे. मीठ मागतानासुद्धा. छत्तीस वर्षं त्यांनी सातवीच्या वर्गाला शिकवलं की काच हा घन पदार्थ नाहीच, तो अतिशय सावकाश वाहणारा द्रव आहे. पुरावा काय, तर जुन्या इमारतींची तावदानं खालून जाड असतात, कारण काच ओघळून खाली आलेली असते.

आत्याला हे लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात जेवताना कळलं.

"ओघळून?"

"वास्तविक पाहता, हो."

"अहो, मी शंभरेक जुनी तावदानं काढलीत. काही खालून जाड असतात, काही वरून, काही बाजूने. बाजूने काय आडवी ओघळली?"

"अगं, पुस्तकात आहे."

"पुस्तकाने कधी काच उचललीय का?"

आतोबांनी विषय बदलला. पण शिकवणं बदललं नाही. आत्याही दर वर्षी सातवीच्या पेपरांच्या सुमारास एकदा टोमणा मारायची आणि सोडून द्यायची. संसार असाच चालतो.

आतोबा निवृत्त झाले त्या वर्षी वादळाने वाचनालयाच्या मोठ्या खिडकीची सहा तावदानं फुटली. इमारत दोनशे वर्षांची. काम आत्याकडे आलं. नेमकं त्याच आठवड्यात ग्रंथपालबाईंनी आतोबांचं 'विज्ञानातील गमती' हे व्याख्यान ठेवलं, त्याच दालनात. आत्या म्हणाली, "पुट्टी वाळायच्या आत काचा बसायला हव्यात, मी काही उतरत नाही. तुम्ही बोला, मी माझं काम करते."

साठेक माणसं जमली. मी मागच्या रांगेत होते. आतोबा रंगात आले. काचेवर येताच त्यांनी वळून खिडकीकडे हात केला. "आणि पुरावा तुमच्या डोळ्यांसमोर आहे! शिडीवरच्या बाई मोजून सांगतीलच."

शिडीवरच्या बाई! चौतीस वर्षांचा संसार आणि शिडीवरच्या बाई.

आत्याने खिशातून जाडी मोजायचं उपकरण काढलं. ते आतोबांचंच होतं, शाळेतून निरोपाची भेट म्हणून मिळालेलं. फुटलेल्यांच्या शेजारचं एक जुनं, धड तावदान पुट्टीतून मोकळं करून तिने शिडीवर बसून मांडीवर घेतलं, दोन्ही कडा मोजल्या आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "खालची कड अडीच मिलिमीटर. वरची पावणेचार."

दालनात खसखस पिकली. आतोबा लालबुंद झाले.

"मग बसवणाऱ्याने ते उलटं बसवलं असेल!"

"असेल ना," आत्या म्हणाली. "म्हणजे जाड बाजू कुठे जाणार हे बसवणारा ठरवतो. मी तेच म्हणतेय, चौतीस वर्षं."

मग तिथूनच तिने सगळ्यांना समजावलं. जुन्या काळी तापलेली काच फुंकून, गरगर फिरवून तिची मोठी थाळी करायचे. ती मधे जाड, कडेला पातळ. त्यातून तुकडे कापले की एक बाजू जाड यायचीच. बहुतेक कारागीर जाड बाजू खाली ठेवत, पण घाईत असले की जशी हाताला येईल तशी. टाळ्या पडल्या, त्या शिडीला.

चौथ्या दिवशी आतोबा वही घेऊन वाचनालयात गेले आणि न फुटलेली सगळी तावदानं स्वतः मोजून आले. घरी येऊन टेबलावर वही ठेवली. "तुझं बरोबर आहे," म्हणाले. 'वास्तविक पाहता' नव्हतं, म्हणून आत्या घाबरली. तिने त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

त्या दिवसापासून माणूस बिथरलाच. आपण शिकवलेलं एकेक तपासायला लागले. जिभेचा नकाशा, म्हणजे टोकाला गोड आणि मागे कडू, त्यांनी साखर आणि कारल्याचा रस घेऊन न्याहारीला खोटा पाडला. त्या तावात त्यांनी आत्यालाही सोडलं नाही. ती त्यांना आयुष्यभर बोटं मोडल्याबद्दल दटावत आली होती, सांधे झिजतात म्हणून. त्यांनी शोधून काढलं की तो आवाज सांध्यातल्या वायूच्या बुडबुड्यांचा असतो आणि त्याने सांधे झिजल्याचं कुणाला आढळलेलं नाही. मग दोन्ही हातांची दहाही बोटं तिच्या कानाशी नेऊन मोडली.

सगळ्यात मोठा फटका दातांच्या डॉक्टरांनी दिला. आतोबा खुर्चीत, तोंडात दोन हत्यारं. डॉक्टर म्हणाले, "सर, मी तुमचाच विद्यार्थी. मला गोड सगळ्या जिभेवर लागतं असं मी लिहिलं होतं. तुम्ही शून्य दिलंत."

आतोबांचे डोळे भरून आले. दाढ दुखत होती की मन, ते कुणी विचारलं नाही. बाहेर पडताना त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून दिलं: 'पाचपैकी पाच. माफ कर.' डॉक्टरांनी ती चिठ्ठी चौकटीत घातली. काच अर्थातच आत्याने बसवली.

पुढच्या वर्षी आतोबांनी वाचनालयात पुन्हा व्याख्यान दिलं, 'मी शिकवलेल्या चुका'. बसायला जागा नव्हती. तेव्हापासून लोक दुकानात बसलेल्या आतोबांकडे शंका घेऊन यायला लागले. वटवाघूळ आंधळं असतं का? शिरांतलं रक्त निळं असतं का? गिऱ्हाइकांना वाट मिळेना. शेवटी आत्याने दारावर पाटी लावली: 'काचा इथे. शंका मागच्या दाराने.'

आता आत्याचे गुडघे शिडी चढत नाहीत, दुकान मी बघते. ती दुपारी मागच्या दारी आतोबांच्या शेजारी खुर्ची टाकून बसते आणि ते एखादं उत्तर देऊन थांबले की विचारते, "मोजलंत का?"