उजव्या चाकामागचा दगड

कमला भाभींचे माझ्यावर सर्वांत मोठे ऋण आहे. त्या फौजेतल्या हवालदार गोविंदसिंह नेगी यांच्या पत्नी. गढवालात एका डोंगरावरच्या गावी राहतात. आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर झालो, तो त्यांच्या एका वाक्यामुळे. ते वाक्य सांगण्याआधी हँडब्रेकबद्दल सांगावे लागेल.

बडोद्यात हँडब्रेकला कोणी विचारत नाही. शहर सपाट. चढ म्हणजे उड्डाणपूल, नाहीतर सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प. फौजेतून निवृत्त झाल्यावर मी गोत्रीला घर घेतले आणि कोयलीच्या बाजूला एका ट्रान्सपोर्टच्या यार्डात ड्रायव्हर लोकांना शिकवू लागलो. तिथला जिग्नेश परवा वजनकाट्याच्या रॅम्पवर पिकअप गिअरमध्ये टाकून चहाला निघाला.

"हँडब्रेक?" मी विचारले.

"काका, गिअरमां छे ने. हँडब्रेक तो आरटीओवाळा माटे."

"आरटीओसाठी? चावी दे."

"अरे काका, चा ठंडी थई जशे."

"होऊ दे. आधी खाली वाकून केबल बघ."

हँडल ओढले तर ते थेट वर आले, मध्ये कुठे अडलेच नाही. केबल सैल आणि मागच्या टोकाला गंजलेली. हँडब्रेक वापरला नाही की त्याचे असेच होते. सपाटीवरसुद्धा तो रोज ओढावा, रोज सोडावा. हँडल पूर्वीपेक्षा वर येऊ लागले तर त्याच आठवड्यात मेकॅनिकला दाखवावे. जिग्नेशने केबल बदलून घेतली. चहा मी पाजला.

मी मूळचा बडोद्याजवळच्या पादरा गावचा. वडील कोयलीला ठेकेदाराकडे पाइप फिटर होते. बारावीनंतर मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर म्हणून भरती झालो. अरुणाचलात पोस्टिंग आले तोवर मी डोंगर पाहिला होता तो पावागढचा, तोही पायऱ्यांवरून.

आमच्या डिटॅचमेंटचे, म्हणजे छोट्या तुकडीचे, कमांडर नेगी उस्ताद. मी पोस्टाने पुस्तके मागवून बी.ए. करत होतो, म्हणून ते मला 'बीए साब' म्हणत. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "बीए साब, गाड़ी चलाना कोई भी सिखा देगा. खड़ी करना मैं सिखाऊँगा."

त्यांनी शिकवले ते असे. आधी पायाचा ब्रेक. गाडी न्यूट्रल. हँडब्रेक ओढायचा. मग पाय हळूहळू सैल करायचा आणि गाडीचे वजन हँडब्रेकवर बसू द्यायचे. गाडी हलली नाही तरच गिअर टाकायचा. पुढची चाके डोंगराकडे वळवलेली हवीत, म्हणजे गाडी सुटली तरी दरीत न जाता डोंगराला टेकते. थंडीत नाल्यातून भिजून आलेली गाडी रात्रभर हँडब्रेकवर ठेवायची नाही. पाणी गोठते आणि सकाळी चाक सुटत नाही. तेव्हा फक्त गिअर आणि दगड.

दगडाचा आमच्याकडे एक रिवाज होता. चाकामागे दगड लावणाऱ्याने मोठ्याने 'लगा' म्हणायचे. ते ऐकू येईपर्यंत ड्रायव्हरने ब्रेकवरचा पाय उचलायचा नाही. निघताना, ज्याने दगड लावला त्यानेच तो उचलून कडेला ठेवायचा आणि 'साफ' म्हणायचे. ते ऐकल्याशिवाय गाडी हलवायची नाही. रस्त्यात विसरलेला दगड मागून येणाऱ्याच्या जिवावर बेततो.

त्या वर्षी पावसाळ्यात वरच्या पोस्टचे केरोसीन संपत आले. आमची गाडी वर्कशॉपमध्ये होती, म्हणून दुसऱ्या डिटॅचमेंटचा पिकअप मिळाला. निघण्यापूर्वी उस्तादांनी त्याचे हँडल ओढले. ते थेट वर आले. आम्ही केबलचा नट शेवटपर्यंत कसला, तरी पकड अर्धीच होती.

"वापस आते ही वर्कशॉप," उस्ताद म्हणाले. "तब तक इसका भरोसा मत करना."

पाऊस उघडला तसे आम्ही बॅरल भरून निघालो. दुपारी एका अरुंद चढावर पोहोचलो. उजवीकडे डोंगराचा कापलेला कडा, डावीकडे दरी. रस्त्याचे मजूर काम करत होते, पाच-सहा पुरुष आणि दोन बायका. त्यांना ओलांडून आम्ही थोडे वर गेलो आणि समोर कडा कोसळला. एक मोठा दगड बॉनेटवर आला. इंजिन बंद पडले. चिखल माझ्या दाराला येऊन भिडला. दार उघडेना, काचही खाली होईना. आरशात पाहिले तर मजुरांच्या पलीकडेही रस्ता गेला होता. पुढे दरड, मागे दरड, मध्ये आम्ही आणि ते.

मी हँडब्रेक ओढला, गिअर टाकला आणि पाय सैल करून पाहिला. भरलेली गाडी गिअरलाही न जुमानता मागे सरकू लागली. पुन्हा ब्रेक दाबला. इंजिन बंद असले की ते पेडल फार जड होते, सगळे अंग त्यावर टाकावे लागते. स्टिअरिंग मी डोंगराकडे पूर्ण वळवले.

उस्तादांनी रेडिओ घेतला. "कंट्रोल, रास्ता दोनों तरफ बंद. गाड़ी में दो जवान, पीछे सिविल लेबर. गाड़ी रुक नहीं रही. ओव्हर."

"डोझर भेज रहे हैं. शाम तक पहुँचेगा. ओव्हर."

उस्तादांनी माझ्याकडे पाहिले. "शाम तक टाँग चलेगी, बीए साब?"

"चलेगी, उस्ताद."

"नहीं चलेगी. पत्थर लगाता हूँ."

ते डाव्या दाराने उतरले. मला आरशातून त्यांची टोपी दिसत होती. थोड्या वेळाने आवाज आला, "बायाँ लगा." मग ते गाडीच्या मागून उजव्या बाजूला, कड्याखाली आले. आरशात ते वाकलेले दिसले. मग आरशात फक्त माती दिसली.

गाडी हादरली. मी हाका मारल्या. दरीतल्या नदीच्या आवाजाखेरीज काही ऐकू आले नाही. मग मजूर फावडी घेऊन धावत आले आणि माझ्या उजव्या मागच्या चाकापाशीच खणू लागले. दोघी बायका हातांनी चिखल ओढत होत्या. गाडी सुटली असती तर ती डोंगराकडेच वळली असती, म्हणजे नेमकी त्यांच्यावर आणि उस्तादांवर. डाव्या चाकाला दगड होता. उजव्या चाकाला होता की नाही, हे मला माहीत नव्हते. चाक चिखलात बुडाले होते. 'लगा' मी ऐकले नव्हते.

पाय उचलता येत नव्हता. दार उघडत नव्हते. उस्ताद माझ्यापासून एका गाडीच्या अंतरावर होते आणि मी मानसुद्धा पुरती मागे वळवू शकत नव्हतो.

रेडिओ बोलला. "नेगी को सेट दो. ओव्हर."

"नेगी उस्ताद मिट्टी के नीचे हैं. लेबर निकाल रहा है. मैं ब्रेक पर हूँ. ओव्हर."

मग उत्तर आले. "ब्रेक पर रहो."

मजुरांनी त्यांना बाहेर काढले. एका बाईने आपली ओढणी त्यांच्या तोंडावरून फिरवली, मग तीच ओढणी त्यांच्यावर पांघरली. हे मी आरशात पाहिले. त्यावरून समजलो.

डोझर संध्याकाळी पोहोचला. फौजेच्या इंजिनिअर्स तुकडीतल्या एका नाईकने डाव्या दारातून आत डोकावून सांगितले, "पैर हटा, भाई. दोनों चक्के पर पत्थर है."

"किसने बोला?"

"मैं देखकर आया हूँ. दाहिनी तरफ वाला एकदम टाइट बैठा है. मिट्टी भी उसे हिला नहीं पाई."

मी पाय उचलला. गाडी जागची हलली नाही. माझा पाय मात्र सरळ होत नव्हता. तो दोन्ही हातांनी धरून खाली उतरवावा लागला.

पंधरवड्याने युनिटमधून मी भाभींना फोन केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "कुछ बोले थे?" मी डोझर कधी आला तेच सांगत राहिलो. तू कसा वाचलास, असे त्यांनी विचारले नाही. त्या वर्षीची बी.ए.ची परीक्षा मी सोडून दिली होती, तेही मी त्यांना सांगितले नव्हते. फोन ठेवताना त्या म्हणाल्या, "भैया, पेपर देना. वो हर फोन में तेरे पेपर की बात करते थे."

पुढच्या वर्षी मी पेपर दिले. निकाल लागला तेव्हा पादऱ्याला आईने शेजारीपाजारी पेढे वाटले. मी भाभींना पत्र पाठवले. ते हिंदीत होते, इथे मराठीत देतो.

"आदरणीय भाभीजी, प्रणाम. पास झालो. उस्ताद मला आधीपासूनच बीए साब म्हणत होते, आता ते खरे झाले. तुम्ही विचारले होते, ते काही बोलले का. त्यांचा मी ऐकलेला शेवटचा शब्द 'बायाँ लगा' हा होता. उजवा दगडही त्यांनी लावला होता, नीट लावला होता. फक्त सांगायला वेळ मिळाला नाही. त्या दगडाने मला आणि त्या मजुरांना सांभाळले. आमच्यात ज्याने दगड लावला त्यानेच तो उचलायचा असतो. त्या दिवशी गाडी डोझरला बांधल्यावर, ओढून नेण्याआधी, दोन्ही दगड मी उचलले आणि कडेला ठेवले. त्यानंतर एक शब्द म्हणायचा असतो. तो तेव्हा माझ्या तोंडून निघाला नाही. त्यांच्या वतीने आज तुम्हाला कळवतो. साफ. रस्ता मोकळा आहे."