लोहबाहूचा पहिला अंक

चाकणच्या मुलींच्या शाळेत ताजुन्निसा शिकवायची. नवं पुस्तक कसं आहे हे तिला विचारणं म्हणजे आपणहून कडू काढा मागून घेणं, असं हेडमास्तर उद्धवराव म्हणत. तोंडदेखलं बोलणं तिला जमतच नसे. गावातल्या एका कवीला तिने "यमकं जुळलीत, बाकी काही नाही" असं सांगितलं होतं. तेव्हापासून तो गृहस्थ ती दिसली की रस्ता बदलायचा.

म्हणूनच एकोणीसशे सत्तावन्न सालच्या त्या रविवारी ती धास्तावली. धाकटा भाऊ युनूस पिंपरीहून आला आणि त्याने पिशवीतून एक पातळ, रंगीत अंक काढला. युनूस कारखान्यात लेथवर होता. शिफ्ट सुटली की खोलीवर चित्रं काढत बसायचा. पुण्याच्या एका छापखान्याने त्याची चित्रकथा छापली होती. नायक लोहबाहू, नुसत्या हाताने रूळ वाकवणारा.

"आपा, वाच. आणि खरं काय ते सांग," म्हणून तो ओसरीवर पाठमोरा बसला.

आईवडलांच्या मागे तिनेच त्याला वाढवलं होतं. खोटं बोलता येत नाही आणि खरं बोलावं तर पोराचं मन मोडेल, अशा पेचात तिने पान उलटलं.

सुरुवातीला तिची चिंता आणखीच वाढली. लाल रंग रेषेबाहेर ओघळलेला. पानोपानी "धाड! फट!" लोहबाहू मालगाडी थोपवतो, पूल उचलतो, पण कपाळावर घामाचा थेंब नाही.

मग सातवं पान आलं. गिरणीतला एक म्हातारा आभार मानायला हात पुढे करतो आणि लोहबाहू आपला हात पाठीमागे लपवतो. त्या हातात म्हाताऱ्याची बोटं चुरडतील, ही त्याला धास्ती. ते चित्र ती कितीतरी वेळ बघत राहिली. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला.

"युनूस, आत ये."

तो उंबऱ्यातच थबकला. "वाईट आहे ना?"

"पहिली सहा पानं गोंगाट आहे. धाडफट निम्मी कर. तुझा गडी दमत कसा नाही रे? न दमणाऱ्याची काळजी कोण करणार?"

युनूसची मान खाली गेली.

"पण हा लपवलेला हात," तिने सातव्या पानावर बोट ठेवलं, "हा दुसऱ्या कुणाला सुचला नसता. या एका पानासाठी मी पुढचा अंक विकत घेईन."

"माझी शपथ?"

"शपथ कशाला? मी कधी उगाच कुणाला चांगलं म्हटलंय?"

युनूस मोठ्याने हसला आणि तिच्याशेजारी येऊन बसला. "आपा, चार रात्री झोप नव्हती गं!"

"मी तरी कुठे तू आल्यापासून घास गिळलाय?" म्हणत तिने दोघांची ताटं वाढली.