आईची तिबिलिसीची मैत्रीण

माझं काम कुठूनही होतं. एका परदेशी कंपनीचं ॲप लोकांच्या हातात पडण्याआधी वापरून बघायचं आणि कुठे अडतंय ते कळवायचं. लॅपटॉप आणि इंटरनेट असलं की पुरे. सुरुवातीला मी हे गोव्यात, नार्व्याच्या आमच्या घरूनच करत होते. मग मनात आलं, कुठूनही होतं, तर एकदा कुठूनतरी करून का बघू नये?

आई सावंतवाडीकडची. लग्न करून नार्व्यात आली तरी बोली तिकडचीच राहिली. तिने सरळ विचारलं, "हय बसान काम होता, मगे थंय कित्याक जावक व्हया?"

बाबांनी आपल्या कोकणीत माझी बाजू घेतली. "जावंदी तिका. हांव जन्मभर सुर्ल्याच्या खाणीवयल्यान ट्रक भरून धक्क्यार नेत रवलों. एकूच रस्तो. तिका दुसरे रस्ते पळोवंदी."

अशी मी जॉर्जियात, तिबिलिसीला गेले. डोंगराच्या उतारावरचं जुनं घर होतं. अंगणावर द्राक्षाचा मांडव, वरच्या खोलीत मी आणि खाली घरमालकीण. साठी उलटलेली विधवा बाई, एकुलता मुलगा नोकरीसाठी दूर देशी. तिला जॉर्जियन आणि रशियन येई, मला दोन्ही नाही. त्यामुळे आमचं बोलणं म्हणजे माना डोलावणं. ती जरा कडकच होती. अंगणाचं फाटक मी उघडं टाकलं की खालून मोठ्याने काहीतरी म्हणायची. शब्द कळायचे नाहीत, पण ते फाटकाबद्दल आहे एवढं नक्की कळायचं.

मी रुळले. सकाळी भट्टीतला गरम पाव आणायचा, दिवसभर काम करायचं आणि दुपारी आईचा व्हिडिओ कॉल घ्यायचा. "जेवलंस?" हा तिचा पहिला प्रश्न आणि बहुतेक वेळा शेवटचाही.

एके दिवशी सकाळपासून पोटात दुखत होतं. मीटिंग संपवून उठले आणि कळ अशी आली की खुर्चीला धरून तिच्यासकट खाली कोसळले. आवाज ऐकून घरमालकीण वर आली. माझ्या कपाळाला हात लावला, पोटावर उजवीकडे दाबलं, मी ओरडले. तिने स्वतःची शाल माझ्या खांद्यांवर टाकली, रस्त्यावर जाऊन शेजाऱ्याची गाडी थांबवली आणि मला हॉस्पिटलात घेऊन गेली. अपेंडिक्स होतं. डॉक्टरला इंग्रजी येत होतं. तो म्हणाला, लगेच काढावं लागेल. मी घाबरून तिच्याकडे बघितलं. तिने माझा फोन आणि चष्मा आपल्या पिशवीत टाकला आणि हात धरून ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत चालत आली.

पुढचं मला बाबांनी नंतर सांगितलं. नेहमीच्या वेळी आईने फोन लावला, तर पडद्यावर मी नाही, कोणी परकीच बाई. आईचा जीव उडाला. त्या बाईने आपल्या पोटावर बोट फिरवलं, दोन बोटांची कात्री करून कापल्यासारखं दाखवलं आणि मग हसून अंगठा वर केला. तरी आईची खात्री पटेना. तेव्हा त्या बाईने फोन फिरवून खाटेवर झोपलेली मी दाखवली आणि माझ्या पांघरुणावर हात ठेवला. माझा श्वास वरखाली होताना आईला दिसावा म्हणून तो हात तिने तसाच ठेवला.

मग आई आपली लेक तिच्यावर सोपवत बोलायला लागली. "बाये, माझ्या चेडवाक एकट्याक सोडू नको हां. थंय आता तूच तिची आवस." पलीकडून तीही आपल्या भाषेत बोलू लागली, डोळे पुसत. बाबा म्हणाले, "दोगांकय कायच कळूक ना. पूण कोणूच थांबना जालें."

माझे डोळे उघडले तेव्हा ती उशाशी होती. घरी आणल्यावर तिने मला वर जाऊच दिलं नाही. आपली खोली मला दिली आणि स्वतः बैठकीत झोपली. ऑफिसने सुट्टी दिली होती, तरी मी एकदा लॅपटॉप उघडला. तिने येऊन तो शांतपणे मिटला आणि कपाटावर ठेवला.

पेजेचा प्रकार तर मी जन्मात विसरणार नाही. आईने फोन चुलीसमोर उभा केला आणि मूठभर तांदूळ, इतकं पाणी, चिमूटभर मीठ असं सगळं दाखवत पेज शिजवली. इकडे घरमालकीण आपल्या टोपात तेच करत होती. मधेच तिने लोण्याचा गोळा उचलला, तशी आई ओरडली, "नको गो! लोणी नको!" तिने गोळा जागच्या जागी ठेवला. ती पेज थोडी करपली होती. मी टोप पुसून खाल्ली.

मी बरी झाले, पण त्यांचे फोन थांबले नाहीत. दुपारी घरमालकीण वर येऊन माझा फोन मागून न्यायची. पुढे बाबांनी तिकडून आणि मी इकडून दोघींचे नंबर एकमेकींच्या फोनवर घालून दिले. ती अक्रोड फोडायची, आई नारळ खवायची. आईने तिला आमच्या गावच्या सप्तकोटेश्वराच्या देवळातली दीपमाळ दाखवली, तिने आपल्या चर्चमधली मेणबत्ती. माझ्यासाठी लावलेली. मला हे सगळं बाजूला बसून ऐकायला मिळालं. घरापासून इतकी लांब असून मी घरातच होते. असं भाग्य किती जणांना लाभतं?

पुढच्या वर्षी मी नार्व्याला परत आले. गेल्या हिवाळ्यात घरमालकीण आम्हाला भेटायला आली. तिला आणायला आम्ही तिघंही पेडण्यातल्या मोपा विमानतळावर गेलो. आईने जॉर्जियन आभाराचा एकच शब्द घोकला होता, 'मादलोबा'. वाटेत गाडीत तो शंभरदा म्हणून झाला. पण ती बाई खरोखर ट्रॉली ढकलत समोर आली तेव्हा आई तो शब्दच विसरली. इतके दिवस तास तास बोलणाऱ्या दोघी नव्या सुनांसारख्या लाजून उभ्या. आई माझ्या कानात म्हणाली, "तिका सांग मगे कायतरी."

"मी काय सांगू? तूच सांग."

आईने तिच्याकडे नीट बघितलं. थंडी नसतानाही तिच्या अंगावर जाड लोकरी कोट होता. आईने पुढे होऊन त्या कोटाची बटणं एकेक करून सोडवली, कोट काढून आपल्या हातावर घेतला. मग दोघींनी एकमेकींना जी मिठी मारली, ती मागच्या माणसांनी ट्रॉल्या वळवून नेल्या तरी सुटेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीत मीटिंगमध्ये बोलत होते. आई दारात आली, ओठांवर बोट ठेवून. पाहुणी प्रवासाने दमून शेजारच्या खोलीत आईच्या खाटेवर गाढ झोपली होती. माझ्या आवाजाने ती उठेल म्हणून मला लॅपटॉप उचलून बाहेर जायची खूण झाली. मी अंगणात, बाबांच्या पोफळींच्या सावलीत जाऊन बसले आणि हळू आवाजात मीटिंग पुढे चालू ठेवली.