माहेरची पेटी आणि चिलखती नौका

चिलखती युद्धनौकांविषयी जगात सगळ्यात जास्त बोललेला आणि समुद्र एकदाही न पाहिलेला माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून आमच्या मामांकडे बोट दाखवीन. जिंतूरला त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. शेतकरी युरिया मागायला यायचा आणि लाकडी जहाजांना पहिल्यांदा लोखंडी पत्रे कसे ठोकले ते ऐकून जायचा. युरिया राहिल्याचं त्याला घरी पोचल्यावर आठवायचं. या वेडाचं मूळ म्हणजे रद्दीत आलेला एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ. वाळवीनं तो जवळपास संपवला होता, फक्त या नौकांची पानं शिल्लक होती. वाळवीलाही लोखंड पचलं नसावं. मामांनी ती पानं पचवली आणि पुढे आयुष्यभर आम्हाला वाढली.

वाचलेलं नुसतं सांगून थांबतील तर ते मामा कसले. कुठल्याशा लढाईत एका नौकेनं धडक देऊन शत्रूचं जहाज बुडवलं, म्हणून पुढे कित्येक वर्षं सगळ्या देशांनी आपल्या नौकांना लोखंडी चोच लावली, हे वाचल्यावर त्यांनी स्कूटरलाही पुढून तशी चोच जोडून घेतली. बाजाराच्या गर्दीत तिचा धाक बसेल अशी त्यांची अपेक्षा होती. ती घुसली ती व्याह्यांच्या नव्या मोटारसायकलीत. व्याही लालबुंद झाले. मामांनी त्यांना समजावलं की या चोचींनी शत्रूपेक्षा आपलीच जहाजं जास्त फोडली, तेव्हा झालं ते इतिहासाला धरूनच झालं. त्यानंतर व्याही दिवाळीलाही आले नाहीत.

मामांचा सगळ्यात लाडका सिद्धांत सागवानाचा. नुसतं लोखंड तोफगोळ्यानं तडकतं. मागे सागाच्या जाड फळ्या असल्या तर धक्का त्या सोसतात, हे ते जेवताना हटकून सांगत. मामी तेव्हा चुलीकडे तोंड करून भाकरी थापत असायच्या, त्यामुळे त्या ऐकतात की नाही हे कळायला मार्ग नव्हता. दोघांचं वाजलं की मामा मला अमेरिकेतल्या दोन चिलखती नौकांची गोष्ट सांगत. सकाळपासून एकमेकींवर गोळे टाकत राहिल्या, कुणीच बुडालं नाही, शेवटी दमून दोघी आपापल्या वाटेनं गेल्या. आमचा संसार तसाच हाय, असं ते अभिमानानं म्हणत.

मग एकदा मामी भाच्याच्या लग्नाला माहेरी चारठाण्याला गेल्या आणि परत येऊन पाहतात तर स्वतःच्या लग्नात माहेरून आलेली लोखंडी पेटी गायब. साड्या युरियाच्या रिकाम्या पोत्यात, आणि पेटीची अंगणात, वर तोफेचा फिरता बुरूज असलेली नौका झालेली. मामींनी हातातली पिशवीही खाली ठेवली नाही. आल्या पावली परत फिरल्या आणि पेटी मिळाल्याशिवाय यायची नाही असा निरोप भावाकडून धाडला. मामा पहिल्यांदाच घाबरलेले दिसले. पेटी तर परत होणार नव्हती. नौका तरंगली तर येशील का, एवढंच त्यांनी फोनवर विचारलं. मामी म्हणाल्या, बघू.

मामींच्या भावाच्या शेतात शेततळं आहे. मी नौका टेम्पोतून तिथं नेली, मामा स्कूटरवर मागून आले. मामी बांधावर पदर खोचून उभ्या. मामांनी नौका पाण्यात सोडली आणि ती झोकात तरंगू लागली. मामांनी मान वर करून मामींकडे पाहिलं, तेवढ्यात बुरुजाच्या वजनानं ती एका अंगाला झुकली, आत पाणी भरलं आणि चार बुडबुडे सोडून तळाला गेली. मी मामांकडे बघायचं टाळलं.

"सागवान कुठं लावलाव मागून?" मामी म्हणाल्या. "नुस्तं लोखंड. जलमभर आमालाच सांगायलाव."

"तुला ध्यानात हाय?" मामांनी तळ्याकडे पाठ फिरवून विचारलं.

"कान काय खुंटीला टांगून भाकरी करतेय का मी?"

सागवानानं ती तरली असती असं नाही. तो धक्क्यासाठी असतो, तरंगण्यासाठी नाही. पण जन्मात पहिल्यांदाच मामांनी मामींची चूक दुरुस्त केली नाही. संध्याकाळी मामी त्या चोचीच्या स्कूटरवर मागे बसून जिंतूरला आल्या.

मामींना जाऊन आता दोन उन्हाळे झाले. मामांच्या दुकानात हल्ली युरिया मागितला की युरियाच मिळतो. मी मुद्दाम त्या नौकांचा विषय काढतो, तर विसरलो म्हणतात. एकेकाळी ज्या गोष्टी सुरू झाल्या की आम्ही पळ काढायचो त्या ऐकायला आता मन आसुसतं, हे मामींना सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

मे महिन्यात शेततळ्याचं पाणी उतरतं आणि गंजलेला बुरूज वर दिसायला लागतो. यंदा मामींच्या भावानं नौका ओढून काढू का म्हणून विचारलं. मामा बांधावर, मामी जिथं उभ्या होत्या तिथंच बसले होते.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "वर काढून काय करू? मागं लाकूड न्हाई आता."